एक धाव जास्त काढलेला कर्णधार: जॅक रायडर आणि दोन महायुद्धांमधले ऑस्ट्रेलियन क्रिकेट

इंग्लंडचा संघ १९२८-२९ च्या हंगामात ऑस्ट्रेलियात पाच कसोटी सामने खेळला. त्या मालिकेत यजमान संघाकडून सर्वाधिक धावा काढल्या त्या कर्णधार जॅक रायडर यांनी. त्यांच्या धावा होत्या ४९२. सलामीचे फलंदाज बिल वुडफुल ४९१ धावांसह त्यांच्या पाठोपाठ होते. पुढच्याच वर्षी, १९३० च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पंधरा खेळाडूंचा संघ निवडला गेला, तेव्हा कर्णधारपद वुडफुल यांच्याकडे गेले आणि रायडर यांना पंधरांतही जागा मिळाली नाही. ते पुन्हा कधीही कसोटी सामना खेळले नाहीत. वीस कसोटींत ५१.६२ ची सरासरी असलेला, आदल्याच मालिकेत आपल्या संघात सर्वाधिक धावा काढलेला कर्णधार असा एकाएकी बाहेर का पडला, हा प्रश्न वरवर पाहता एका माणसावर झालेल्या अन्यायाचा वाटतो. खोलात गेल्यावर मात्र त्याचे उत्तर त्या काळचे ऑस्ट्रेलियन क्रिकेट कसे चालत असे, यात सापडते, आणि म्हणूनच रायडर यांची कारकीर्द नीट समजून घेण्यासारखी आहे.

जॉन ऊर्फ जॅक रायडर यांचा जन्म ८ ऑगस्ट १८८९ रोजी मेलबर्नच्या कॉलिंगवुड या उपनगरात झाला. कॉलिंगवुड ही कारखान्यांची आणि कामगारांची वस्ती होती. मेलबर्नच्या क्लब क्रिकेटची रचना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बदलली आणि क्लब उपनगरांशी जोडले गेले, म्हणजे खेळाडूने ज्या भागात राहायचे त्याच भागाच्या क्लबकडून खेळायचे. त्यामुळे कसोटी खेळून आलेला फलंदाजही शनिवारी दुपारी आपल्याच गल्लीतल्या मुलांबरोबर, आपल्याच शेजाऱ्यांसमोर मैदानात उतरत असे. रायडर कॉलिंगवुडकडून विशीच्या आतच खेळू लागले आणि कसोटी कारकीर्द संपून बरीच वर्षे लोटल्यावरही तिथेच खेळत राहिले. लोक त्यांना ‘कॉलिंगवुडचा राजा’ म्हणत. हे विशेषण वर्तमानपत्रांनी उगाच चिकटवलेले नव्हते. ज्या वस्तीत राहायचे तिथेच खेळायचे, या व्यवस्थेतून ते आपोआप जन्माला आले होते.

क्लबच्या वरची पायरी होती राज्याची. शेफील्ड शील्ड ही आंतरराज्य स्पर्धा १८९२-९३ मध्ये सुरू झाली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ तिच्यात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया हे तीनच संघ होते. क्वीन्सलंडला प्रवेश मिळाला तो १९२६-२७ मध्ये. तीन संघांनी एकमेकांशी आपापल्या मैदानावर आणि परक्या मैदानावर एकेक सामना खेळायचा, म्हणजे एका राज्याच्या वाट्याला हंगामात शील्डचे चारच सामने येत. आजचा एखादा व्यावसायिक फलंदाज दोन महिन्यांत जेवढे डाव खेळतो, तेवढे त्या काळी मिळवायला वर्ष लागे. प्रथम श्रेणीच्या संपूर्ण कारकिर्दीत रायडर यांनी सुमारे साडेदहा हजार धावा आणि २४ शतके काढली. हे आकडे वाचताना सामन्यांची ही टंचाई लक्षात ठेवली पाहिजे, नाहीतर त्यांचे वजन कळत नाही.

रायडर यांनी व्हिक्टोरियाकडून १९१२-१३ मध्ये पदार्पण केले, तेव्हा ते मध्यमगती गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्ही करणारे अष्टपैलू म्हणून ओळखले जात. उंच, रुंद खांद्यांचे, पुढे येऊन जोरदार ड्राइव्ह मारणारे असे त्यांचे फलंदाजीचे रूप हळूहळू ठळक होत गेले. त्यांची पंचविशी उजाडली आणि पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रेलियाने युद्धापूर्वीची शेवटची कसोटी १९१२ मध्ये खेळली होती आणि त्यानंतरची कसोटी खेळली डिसेंबर १९२० मध्ये. फलंदाजाच्या आयुष्यातली सर्वांत उमेदीची म्हणता येतील अशी ही आठ वर्षे. सिडनीच्या मैदानावर वॉरविक आर्मस्ट्राँग यांच्या संघातून रायडर यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षे होते. त्या पिढीच्या कितीतरी खेळाडूंचे हेच झाले, पण रायडर यांच्या बाबतीत ही गोष्ट शेवटपर्यंत त्यांच्या मागे लागून राहिली, कारण १९३० मध्ये त्यांच्याविरुद्ध जो मुद्दा सर्वांत आधी मांडता येत होता तो वयाचाच होता.

आर्मस्ट्राँग यांच्या संघाने ती मालिका ५-० अशी जिंकली. इतक्या बलाढ्य संघात नवख्या खेळाडूला हातपाय पसरायला फारशी जागा नव्हती. १९२१ च्या इंग्लंड दौऱ्यावर रायडर गेले, पण त्यांना एकाही कसोटीत खेळवले गेले नाही. त्याच दौऱ्यावरून परतताना संघ दक्षिण आफ्रिकेत थांबला आणि हर्बी कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली तीन कसोटी खेळला. इंग्लंडमध्ये पाच महिने कसोटी संघाबाहेर काढलेल्या रायडर यांनी तिथे चार डावांत नाबाद ७८, ५८, ५६ आणि १४२ अशा ३३४ धावा केल्या. सरासरी आली १११.३३. जोहान्सबर्गच्या ज्या डावात त्यांनी ५६ केल्या, त्याच डावात जॅक ग्रेगरी यांनी ७० मिनिटांत शतक ठोकले, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी नाव राहिले ते ग्रेगरींचे. केप टाऊनचे १४२ हे रायडर यांचे पहिले कसोटी शतक.

आणि मग पुन्हा खंड पडला. नोव्हेंबर १९२१ ते डिसेंबर १९२४ या तीन वर्षांत ऑस्ट्रेलियाने एकही कसोटी खेळली नाही. कसोटी खेळणारे देशच मोजके होते, प्रवास बोटीचा होता आणि एका दौऱ्यासाठी खेळाडूला वर्षातला मोठा काळ घरापासून आणि नोकरीपासून दूर राहावे लागे. डिसेंबर १९२० ते मार्च १९२९ या सव्वाआठ वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या कसोट्या झाल्या एकूण २८, आणि त्यांपैकी २० रायडर यांनी खेळल्या. आजच्या हिशेबाने वीस कसोटी म्हणजे दोन-अडीच वर्षांची कारकीर्द. त्या काळी तेवढ्यात एक अख्खी पिढी येऊन जात असे.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या डावाकडे येऊ. जानेवारी १९२५, ॲडलेड, इंग्लंडविरुद्धची तिसरी कसोटी. पाठीच्या दुखण्यामुळे रायडर पहिल्या दोन सामन्यांना मुकले होते. तो डाव समजण्यासाठी आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या कसोटी सामन्यांना त्या काळी दिवसांची मर्यादा नसे. निकाल लागेपर्यंत सामना चालायचा, मग सहा दिवस लागोत की आठ. अनिर्णित सामन्याची सोय नसल्यामुळे वेळ काढण्याला काही अर्थ नव्हता, पण घाई करण्यालाही नव्हता. फलंदाजाने जितका वेळ टिकायचे तितका टिकावे आणि धावांचा डोंगर उभा करावा, असाच हिशेब असे. खेळपट्ट्या कोरड्या असताना दगडासारख्या टणक आणि फलंदाजांना अनुकूल असत, मात्र त्या झाकल्या जात नसल्यामुळे पाऊस पडून ऊन आले की त्याच खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळू लागे. म्हणजे वेळेची मर्यादा नव्हती, पण आभाळाचा भरवसाही नव्हता.

ॲडलेडला ऑस्ट्रेलियाची पहिल्या डावात ६ बाद ११९ अशी अवस्था झाली. रायडर खेळपट्टीवर होते आणि टॉमी अँड्र्यूज त्यांच्या जोडीला आले. दोघांनी सातव्या गड्यासाठी १३४ धावा जोडल्या. याच डावात इंग्लंडच्या गोलंदाजीवर संकट कोसळले. मॉरिस टेट यांच्या पायाचा अंगठा दुखावला, कर्णधार आर्थर गिलिगन यांच्या मांडीचा स्नायू ओढला गेला आणि टिच फ्रीमन यांच्या मनगटाला मार बसला. समोरचे गोलंदाज लंगडत असले तरी धावा आपोआप येत नाहीत, कोणीतरी तिथे उभे राहावे लागते, आणि रायडर सुमारे साडेसहा तास उभे राहिले. यष्टिरक्षक बर्ट ओल्डफील्ड यांच्याबरोबर नवव्या गड्यासाठी त्यांनी आणखी १०८ धावा जोडल्या. डाव ४८९ वर संपला तेव्हा रायडर २०१ वर नाबाद होते. ११९ वरून ४८९, म्हणजे तळाच्या चार गड्यांसह ३७० धावा! दुसऱ्या डावात संघ २५० वर आटोपला आणि त्यात रायडर यांच्या ८८ होत्या.

इंग्लंडला जिंकण्यासाठी ३७५ धावा हव्या होत्या. सहावा दिवस संपला तेव्हा आठ गडी बाद झाले होते आणि २७ धावा उरल्या होत्या. सातव्या दिवशी सकाळी शेवटची जोडी बाद झाली आणि ऑस्ट्रेलियाने सामना ११ धावांनी जिंकला. एकाच सामन्यात एकाच माणसाच्या २८९ धावा आणि विजयाचे अंतर ११ धावांचे. क्रिकेटमध्ये एखाद्याने सामना जिंकून दिला असे आपण सहज बोलतो. या सामन्याबद्दल ते अक्षरशः खरे आहे.

पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, रायडर दुसऱ्यांदा इंग्लंडला गेले. तिथले हवामान ओले, खेळपट्ट्या मऊ, चेंडू हवेत आणि टप्प्यावर हलणारा, आणि शेवटचा सामना सोडला तर कसोटी तीनच दिवसांच्या. पहिल्या चारही अनिर्णित राहिल्या. पाचवी इंग्लंडने जिंकून ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकांचा मान, परत मिळवली. रायडर यांना त्या दौऱ्यात छाप पाडता आली नाही. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण चार वर्षांनी निवड समितीसमोर जो कागद होता त्यावर हीच नोंद होती.

मायदेशी परतल्यावर मात्र काही महिन्यांतच त्यांच्या बॅटमधून असा डाव निघाला की तो ज्या सामन्यात झाला त्याचा विक्रम आजही अबाधित आहे. डिसेंबर १९२६ मध्ये मेलबर्नच्या मैदानावर व्हिक्टोरियाने न्यू साउथ वेल्सविरुद्ध ११०७ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा सर्वोच्च डाव. न्यू साउथ वेल्सचा संघ आधी २२१ वर बाद झाला होता. मग वुडफुल १३३, बिल पॉन्सफर्ड ३५२, हंटर हेंड्री १००, असे एकामागून एक फलंदाज आले आणि धावा करून गेले. रायडर यांनी २४५ मिनिटांत २९५ धावा काढल्या, त्यांत सहा षटकार आणि ३३ चौकार होते. षटकार फारसा मारला जात नसे अशा काळातला हा डाव आहे. तिनशेला पाच धावा हव्या असताना, आणखी एक चेंडू उंच टोलवण्याच्या प्रयत्नात ते अँड्र्यूज यांच्या चेंडूवर झेलबाद झाले. ॲडलेडला सातव्या गड्यासाठी जोडीला उभे असलेले अँड्र्यूज इथे प्रतिस्पर्धी संघात होते. लेगस्पिनर आर्थर मेली यांनी ६४ षटकांत ३६२ धावा देऊन चार गडी बाद केले, आणि त्या वेळी ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचे होते, म्हणजे त्यांनी ५१२ चेंडू टाकले. व्हिक्टोरियाने सामना एक डाव आणि ६५६ धावांनी जिंकला. याच हंगामात सिडनीच्या परतीच्या सामन्यात व्हिक्टोरियाचा संघ न्यू साउथ वेल्ससमोर ३५ धावांत गारद झाला. त्या काळच्या क्रिकेटमध्ये पारडे किती झुकू शकत असे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

१९२८ मध्ये रायडर यांना ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद मिळाले, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. कॉलिन्स, मॅकार्टनी, बार्ड्सली ही मंडळी निवृत्त झाली होती, संघ मोडकळीस आला होता आणि समोर पर्सी चॅपमन यांचा इंग्लंडच्या इतिहासातला एक सर्वोत्तम संघ होता. पहिली कसोटी ब्रिस्बेनला झाली. इंग्लंडने ५२१ धावा केल्या. त्या डावादरम्यान वेगवान गोलंदाज ग्रेगरी यांचा आधीच दुखावलेला गुडघा झेल घेण्याच्या प्रयत्नात पुरता निकामी झाला आणि अष्टपैलू चार्ली केलवे यांना अन्नातून विषबाधा झाली. दोघेही पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. ऑस्ट्रेलिया १२२ वर बाद झाला. सामन्याला काळाची मर्यादा नसल्याने चॅपमन यांनी ३९९ धावांची आघाडी असूनही फॉलोऑन दिला नाही, म्हणजे ऑस्ट्रेलियाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावली नाही, पुन्हा फलंदाजी करून ८ बाद ३४२ वर डाव घोषित केला आणि ७४२ धावांचे लक्ष्य ठेवले. तेवढ्यात पाऊस आला. खराब झालेल्या खेळपट्टीवर, दोन खेळाडू फलंदाजीला येऊ शकत नसताना, ऑस्ट्रेलियाचा डाव ६६ धावांत संपला. सलामीला गेलेले वुडफुल ३० वर नाबाद राहिले. पराभव ६७५ धावांचा. धावांच्या हिशेबाने कसोटी इतिहासातला हा आजही सर्वांत मोठा पराभव आहे, आणि रायडर यांच्या कर्णधारपदाचा हा पहिलाच सामना होता.

याच सामन्यात वीस वर्षांच्या एका फलंदाजाने पदार्पण करून १८ आणि १ धाव केली. त्याचे नाव डॉन ब्रॅडमन. पुढच्या कसोटीत त्याला बारावा खेळाडू म्हणून बाहेर बसावे लागले. तिसऱ्या कसोटीत तो परतला.

सिडनीला वॉली हॅमंड यांनी २५१ धावा केल्या आणि इंग्लंडने सहज सामना जिंकला. मेलबर्नची तिसरी कसोटी मात्र झुंजीची झाली. रायडर यांनी ११२ आणि ॲलन किपॅक्स यांनी १०० धावा केल्या, ब्रॅडमन यांनी ७९ आणि आपले पहिले कसोटी शतक, ११२ धावा, असे दोन डाव खेळले. इंग्लंडला ३३२ धावा हव्या होत्या. रात्री पाऊस पडला आणि सकाळी कडक ऊन आले. ज्या खेळपट्टीवर इंग्लंड शंभरातच गुंडाळला जाईल असे सगळ्यांना वाटत होते, तिथे जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांनी पहिल्या गड्यासाठी १०५ धावा जोडल्या. सटक्लिफ १३५ पर्यंत गेले आणि इंग्लंड तीन गडी राखून जिंकला. ॲशेस इथेच गेली. ॲडलेडच्या चौथ्या कसोटीत १९ वर्षांच्या आर्ची जॅक्सन यांनी पदार्पणातच १६४ धावा केल्या, रायडर यांनी ६३ आणि ८७. ३४९ धावांचा पाठलाग करताना ब्रॅडमन ५८ वर धावचीत झाले आणि ऑस्ट्रेलिया ३३६ वर थांबला. पराभव १२ धावांनी. चार वर्षांपूर्वी याच मैदानावर ११ धावांनी जिंकून देणारा माणूस आता कर्णधार म्हणून १२ धावांनी हरला होता. मेलबर्नची पाचवी कसोटी आठव्या दिवसापर्यंत चालली आणि ऑस्ट्रेलियाने पाच गडी राखून जिंकली. रायडर ५७ वर नाबाद परतले, जोडीला ३७ वर नाबाद ब्रॅडमन होते. रायडर यांच्या कसोटी आयुष्यातला तो शेवटचा डाव.

मालिका ४-१. आता निवड समितीच्या खुर्चीत बसून विचार करून पाहू. इंग्लंडचा दौरा एप्रिल ते सप्टेंबर चालणारा, कर्णधाराला त्या काळात चाळीस पूर्ण झालेली, पुढे लगेच एक्केचाळीस. संघ पूर्णपणे नव्याने उभारायचा. मागच्या मालिकेत एकट्या हॅमंड यांनी ९०५ धावा काढलेल्या, म्हणजे क्षेत्ररक्षण आणि गोलंदाजी दोन्हींत तरुण पाय हवेत. निवड समितीने तरुणाईच्या बाजूने कौल दिला. पंधरांपैकी फक्त चौघे, म्हणजे वुडफुल, पॉन्सफर्ड, लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट आणि ओल्डफील्ड, पूर्वी इंग्लंडला जाऊन आले होते. ब्रॅडमन २१ वर्षांचे, जॅक्सन २० वर्षांचे आणि स्टॅन मकेब तर १९ वर्षांचे होते. वुडफुल स्वतः ३२ वर्षांचे.

वयाच्या पलीकडचा मुद्दा आकड्यांत दडलेला आहे आणि तो समजण्यासाठी सरासरी म्हणजे काय हे क्षणभर आठवू. एकूण धावांना बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागले की सरासरी येते. नाबाद डावांतल्या धावा वर मिळवल्या जातात, पण खाली तो डाव मोजला जात नाही. सरासरी एकच आकडा देते, त्यामुळे धावा कुठे आणि केव्हा आल्या हे ती सांगत नाही. रायडर यांच्या २० कसोटींचे दोन भाग केले तर चित्र वेगळेच दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या तीन, ॲडलेडची १९२५ ची एक आणि १९२८-२९ मधल्या पाच, अशा नऊ कसोटींत त्यांनी १६ डावांत १११५ धावा केल्या, सरासरी ८५ च्या वर. उरलेल्या ११ कसोटींत, तितक्याच म्हणजे १६ डावांत, २७९ धावा, सरासरी विसाच्या जेमतेम खाली. आणि तिन्ही शतके केप टाऊन, ॲडलेड आणि मेलबर्न इथली, म्हणजे इंग्लंडच्या मऊ खेळपट्ट्यांबाहेरची. १९२६ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या चारही कसोटी त्या दुसऱ्या भागात येतात. मऊ खेळपट्ट्यांवर महिनोन्महिने खेळायचे असेल तर चाळिशीतल्या या फलंदाजावर डाव लावावा का, हा प्रश्न निवड समितीला पडला असेल तर तो अवाजवी नव्हता.

तरीही मला वाटते की हा निर्णय जसा घेतला गेला त्यात काहीतरी खटकण्यासारखे आहे. ४-१ अशा पराभवाचे ओझे एका माणसावर टाकणे सोपे असते. ब्रिस्बेनला त्यांचे दोन मुख्य गोलंदाज सामन्याच्या मध्यात संपले, मेलबर्नला हॉब्ज-सटक्लिफ यांनी अशक्य वाटणारी गोष्ट केली, ॲडलेडला धावचीत झालेला एक फलंदाज टिकता तर निकाल फिरला असता. पाच सामन्यांत मिळून त्यांच्या संघाने अधिकाधिक चांगले क्रिकेट खेळले आणि शेवटचा सामना जिंकला. ब्रॅडमन आणि जॅक्सन दोघांचीही पदार्पणे रायडर यांच्या कर्णधारपदाखाली झाली. जी पिढी १९३० मध्ये इंग्लंडमध्ये २-१ अशी मालिका जिंकून ॲशेस घेऊन आली, जिथे ब्रॅडमन यांनी ९७४ धावा केल्या, त्या पिढीने कसोटीतली पहिली पावले टाकली ती याच चाळिशीतल्या कर्णधाराच्या सोबतीने. १९३० च्या विजयाने निवड समितीचा निर्णय बरोबर ठरला हे मान्य केले पाहिजे. पण बरोबर ठरलेला निर्णयही ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो बोचतोच, आणि मेलबर्नमधल्या त्यांच्या चाहत्यांनाही तो फार बोचला.

रायडर यांनी मैदान सोडले नाही. व्हिक्टोरियाकडून ते आणखी काही हंगाम खेळले आणि नंतर, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांच्या आयुष्यात भारत आला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, ज्यांनी रणजी करंडक दिला, त्यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा एक संघ १९३५-३६ मध्ये भारतात आणला. महाराजांच्या सेवेत असलेले जुने ऑस्ट्रेलियन अष्टपैलू फ्रँक टॅरंट यांनी त्याची जुळवाजुळव केली. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत संघ त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत होता, त्यामुळे भारतात आलेल्या संघात बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे खेळाडू आणि काही तरुण होते. चार्ली मॅकार्टनी ४९ वर्षांचे, डावखुरे फिरकी गोलंदाज बर्ट आयर्नमाँगर ५३ वर्षांचे, आणि कर्णधार रायडर. भारतात दौऱ्यावर आलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन संघ.

चार अनधिकृत कसोटी झाल्या. मुंबईची आणि कलकत्त्याची ऑस्ट्रेलियनांनी जिंकली, लाहोरची आणि मद्रासची भारताने. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. भारताने अधिकृत कसोटी क्रिकेटमध्ये १९३२ मध्येच पाऊल टाकले होते आणि तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. नागपूरच्या सी. के. नायडूंच्या पिढीला मोहम्मद निसार यांच्या वेगाच्या जोरावर ऑस्ट्रेलियन संघाला दोनदा हरवण्याचा अनुभव मिळाला, तो या दौऱ्यातून. संघ वयस्कर होता, अनधिकृत होता, हे सगळे खरे, पण त्यात कसोटीत द्विशतक काढलेले आणि शतकांवर शतके काढलेले फलंदाज होते, हेही तितकेच खरे. आपल्याकडे या दौऱ्याची आठवण फारशी काढली जात नाही, आणि काढली जावी असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, रायडर ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीत आले आणि १९७० पर्यंत, जवळजवळ पाव शतक, तिथे राहिले. ज्या टेबलापाशी त्यांची स्वतःची कारकीर्द संपली, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ते बसले. त्यातला बराच काळ त्यांच्या शेजारी ब्रॅडमन होते. १९४७-४८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा समोरचा संघ निवडणाऱ्यांत रायडर होते. त्या मालिकेत ॲडलेडला, जिथे रायडर यांनी २०१ केल्या होत्या त्याच मैदानावर, सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. इंग्लंडमध्ये एकही सामना न हरलेला १९४८ चा ऑस्ट्रेलियन संघ निवडण्यातही रायडर यांचा हात होता.

मार्च १९७७ मध्ये मेलबर्नला कसोटी क्रिकेटच्या शंभर वर्षांचा सामना झाला. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी खेळलेले जुने खेळाडू जगभरातून जमले होते आणि ८७ वर्षांचे रायडर त्यांच्यात होते. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच ३ एप्रिल १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. मेलबर्नच्या क्लब क्रिकेटमध्ये, ज्या पायरीवरून त्यांनी सुरुवात केली आणि जी त्यांनी कधी सोडली नाही, तिथे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी एक पदक दिले जाते. त्याचे नाव रायडर पदक.